सोळावी मात्रा

कोपरखैरणे,
२१ जुलै १९९६

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायला हात आपोआप वळला होता, तो मुद्दाम आवरला. तुझी कॅसेट काल मिळाली. आबांनी पाकीट फोडलं आणि कव्हर मला वाचायला लावलं. 'स्वतंत्र तबलावादन : राजवर्धन हौसेराव मोहिते. ताल : तीनताल. नगमा : संगणक.'

हा संगणक कोण? साताऱ्याला तुझ्या क्लासच्या माळ्यावर राहतो का? त्याला चारुकेशी रागातली ती नगम्याची चाल सुचली, त्यानं ती सोळा मात्रांत बसवली आणि मग तुझ्या हातात फ्लॉपी दिली, असं झालं का? चाल मी बांधली. ती वाजवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. आठ महिने, रोज सकाळी पाच ते सव्वासहा, कारण सव्वासहाला नळाला पाणी येतं आणि त्यानंतरचा दिवस माझा नसतो. आबांचा चहा, प्रियदर्शिनीची शाळा, दिलीप तुर्भ्याहून पाळी संपवून आला असेल तर त्याचं जेवण, मग न्हावा शेव्याची कंपनीची बस. तिथे दिवसभर कंटेनरच्या याद्यांचे प्रोग्रॅम लिहायचे, ते पोटासाठी. घरचा तो सव्वा तास मात्र मी कुणालाच दिला नव्हता. नवऱ्याला नाही, पोरीला नाही. त्यातून जे निघालं ते तुला दिलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात तू आठ दिवस इथे राहिलास, माझ्या मशीनसमोर तबला मांडून बसलास आणि म्हणालास, आता नगम्यासाठी पेटीवाल्यांची मिजास सांभाळायला नको. ऑफिसातून मोडीत निघालेलं दुसरं मशीनही मीच तुला मिळवून दिलं. बसच्या टपावर टाकून नेलंस ना ते?

माझं म्हणणं एवढंच आहे. कॅसेटची दुसरी खेप काढशील तेव्हा कव्हरवर माझं नाव पाहिजे. तोवर नवी चाल नाही, नवा ताल नाही, प्रोग्रॅममध्ये काही अडलं तर विचारायचंही नाही.

उज्वला


कोपरखैरणे,
११ ऑगस्ट १९९६

दादा,

तुझं उत्तर वाचलं. नगम्याला कुणी नाव लावत नाही म्हणतोस. नगमा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, वेळ बघायची आणि विसरायचं, घड्याळजीचं नाव कोण विचारतो, असं लिहिलंयस. वर 'लग्न झालं, पोर झाली, तरी तुझा हट्टीपणा गेला नाही' हेही.

मग घड्याळाचीच गोष्ट ऐक. मस्जिद बंदरच्या खोलीत अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी तुझं घड्याळ होते. शाळेतून आले की आबांची भजनाची पेटी पुढ्यात ओढायची आणि एकच चाल वाजवत बसायचं. सोळा मात्रा झाल्या की पुन्हा पहिली. तू मधल्या मधे कुठेही हिंडून ये, समेवर उतरायला तुला माझी चाल जागच्या जागी सापडली पाहिजे. एकदा कंटाळून मी एक सूर वरचा घेतला तर तू डग्ग्यावरचा हात काढून माझ्या पाठीत घातलास. तुझे गुरुजी कौतुकानं हसले. मुलीला नगम्यापुरतं येतंय ना, बास झालं, जास्त शिकवू नका, असं त्यांनी आबांना सांगितलं. आबांनी ते मानलं. तुझं लग्न ठरलं तेव्हा पेटीही तू साताऱ्याला नेलीस, भाऊबीजेला तुझ्याकडे आले तर तिच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या.

म्हणून मी मशीनवर वाजवायला लागले. मला पेटी मिळाली असती तर मी हा प्रोग्रॅम लिहिलाच नसता, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, ते मी सांगते.

आणि घड्याळ म्हणतोस, तर मग गेल्या वर्षीच्या जूनचं तुझं पत्र काढून बघ. 'उजे, तुझं मशीन समेच्या आधी दम घेतं. जिवंत माणूस घेतो तसा. त्या दमावर उतरताना मजा येते.' हे तूच लिहिलंस. ते पत्र मी दिलीपला दोनदा वाचून दाखवलं होतं. दिलीप म्हणाला, तुझा भाऊ आणि तुझं मशीन, दोघांनाही एकच तुकडा येतो. मी त्याच्यावर रागावले, तुझी बाजू घेऊन.

नाव लावणार की नाही एवढंच कळव.

उज्वला


कोपरखैरणे,
३० ऑगस्ट १९९६

दादा,

राखी का आली नाही असं वहिनीनं विचारलं आहे. तिला सांग, संगणकाला भाऊ नसतो.

रेडिओच्या ऑडिशनचा अर्ज भरलास हे आबांना वाचून दाखवलं. त्यांनी हात जोडून देवाला नमस्कार केला. मार्केटात जन्मभर कांद्याची पोती वाहिली, पोरगा रेडिओवर वाजला की पाठीचं दुखणं पळेल म्हणतात. त्यांच्यासाठी तरी नीट वाजव. माझ्याकडून शुभेच्छा हव्या असतील तर कव्हर छाप.

उज्वला


कोपरखैरणे,
१९ नोव्हेंबर १९९६

दादा,

दिवाळीत एक गोष्ट झाली, ती तुला कळवणं भाग आहे.

पाडव्याच्या सकाळी मी मशीनवर नगमा लावून ठेवला होता. आबा पलंगावर बसून मांडीवर ठेका धरत होते. थोड्या वेळानं थांबले. पुन्हा धरला, पुन्हा थांबले. मग म्हणाले, "पोरी, तुजं मशीन शेवटच्या पावलाला लंगडतंय." मी म्हटलं, दादा त्याला दम म्हणतो. आबा म्हणाले, "दम न्हवं. चाळीस वर्सं पोतं घेऊन फळीवर चढलोय. असं एक पाऊल मागं पडलं की मागचा गडी अंगावर येतो."

मला राग आला. तो जिरल्यावर मी मशीनवर मोजून पाहिलं. आबांचं खरं आहे.

तुला सोप्या शब्दांत सांगते. मशीनला स्वतःचे ठोके असतात, सेकंदाला अठराच्या वर थोडे. तुझी एक मात्रा त्या ठोक्यांत मोजायला गेलं की पूर्ण भाग जात नाही, थोडं उरतं. न्हावा शेव्याला माझं काम काय, तर कंटेनरमधल्या खोक्यांच्या वजनाची बेरीज एकूण वजनाशी जुळवायची. भागाकारात जे ग्रॅम उरतात ते मी शेवटच्या खोक्यात टाकते. सगळेच टाकतात, कस्टमवाले फक्त बेरीज बघतात. हाताला तीच सवय. नगम्यातही मी तेच केलं. पंधरा मात्रा कणभर आखूड ठेवल्या आणि उरलेला सगळा वेळ सोळाव्या मात्रेत टाकला. आवर्तन बरोबर भरतं, पण सोळावी मात्रा लांबते आणि सम उशिरा येते. प्रत्येक आवर्तनाला, रोज, गेलं दीड वर्ष.

तू ज्याला जिवंतपणा म्हणालास ती माझी चूक आहे. तुझा हात त्या चुकीला सरावला असणार. जिवंत पेटीवर वाजवायला बसशील तेव्हा तू समेच्या मागे पडशील. मशीन बंद कर. दुरुस्त केलेली फ्लॉपी मी

*

कोपरखैरणे,
१५ डिसेंबर १९९६

दादा,

पत्र मिळालं. ऑडिशन ४ फेब्रुवारीला आहे हे कळलं. सयाजी गुरव पेटीवर साथ करणार आणि तालमीत ते तुला म्हणतात की तू समेला मागे पडतोस, हेही कळलं. मनगटाचा फोटो काढलास, डॉक्टरला काही दिसलं नाही, तेल चोळणं चालू आहे, दही बंद केलंस. बरं केलंस.

मला विचारतोस की असं का होत असेल. मी काय वैद्य आहे? पस्तिशी उलटली की हात जड होतो म्हणतात. तू अडतिसाचा झालास.

माझ्या मशीनवर मात्र हात अजून अचूक पडतो, म्हणून आता रोज चार तास त्याच्यावरच बसतोस असं लिहिलंयस. चांगलं आहे. बसत जा.

कव्हराचं शेवटी 'बघू' एवढंच लिहिलंस. मीही बघते.

आबा बरे आहेत. दादाला कळवलंस का म्हणून दिवाळीपासून रोज विचारतात. कळवलं असं मी त्यांना सांगितलं आहे. काय कळवलं ते तू विचारू नकोस.

उज्वला


कोपरखैरणे,
१६ फेब्रुवारी १९९७

दादा,

निकाल कळला. वहिनीच्या अक्षरातलं पत्र आलं तेव्हाच समजले.

तिनं लिहिलंय की पहिल्याच तिहाईला तू समेच्या मागे उतरलास, सयाजीरावांनी तुला सावरून घ्यायला पेटी थोडी रोखली, त्यानं तू आणखी गोंधळलास आणि पाच मिनिटांत तुला थांबायला सांगितलं. आता क्लास बंद करणार म्हणतोस. चौदा मुलं आहेत, आणि तीही सयाजीरावांच्या पेटीवर तुझ्यासारखीच मागे पडतात, म्हणून तुला वाटतं की आपण शिकवायलाही लायक नाही.

क्लास बंद करू नकोस. का ते विचारू नकोस, पण करू नकोस. मी तुझ्याशी भांडले आहे आणि अजून भांडण मिटलेलं नाही, त्यामुळे माझं ऐकायची तुला सवय नाही हे मला माहीत आहे. तरी ऐक.

सकाळी पाचला उठते, मशीन चालू करते आणि नुसती बसते. दिलीपनं विचारलं, बरं नाही का. त्याला म्हटलं, ऑफिसचं टेन्शन आहे.

उज्वला


कोपरखैरणे,
९ मार्च १९९७

दादा,

तुझं पाकीट गुरुवारी आलं. नवं कव्हर पाहिलं. 'नगमा रचना व संगणक : उज्वला.' सासरचं लावू की माहेरचं हे कळेना म्हणून नुसतं उज्वला छापलंस. छान दिसतं. आठ महिने मी ह्याच एका ओळीसाठी तुझ्या मागे लागले होते.

सोबतची चिठ्ठीही वाचली. 'माझा हात गेला. तुझं काम तरी लोकांना कळू दे. तुझं बरोबर होतं, मी तुला लहानपणापासून घड्याळासारखंच वापरलं. तबल्याची जोड विकायला काढली आहे.' तू कधी असं लिहिशील असं वाटलं नव्हतं. आता माझं वाच.

ह्या पत्रासोबत दुसरं एक पत्र ठेवलं आहे, १९ नोव्हेंबरचं. ते अर्धवट आहे. 'दुरुस्त केलेली फ्लॉपी मी' इथपर्यंत लिहिलं आणि पेन ठेवलं. फ्लॉपी तेव्हाच तयार होती, दोन सकाळींचं काम होतं, उरलेला वेळ एका मात्रेत न टाकता सोळांमध्ये वाटायचा एवढंच. 'पाठवते' असंच लिहिणार होते. तेवढ्यात कॅसेटच्या कव्हरवर नजर गेली आणि मला वाटलं, संगणकाची चूक आहे तर संगणकानं निस्तरावी. ते पत्र मी प्रियदर्शिनीच्या जुन्या पुस्तकांखाली ठेवलं. उद्या टाकू म्हटलं. मग तुझं डिसेंबरचं पत्र आलं. डॉक्टर, तेल, दही. ते वाचताना मला सगळं माहीत होतं. तुझा हात चांगला आहे हे माहीत असून मी तुला वय झालं असं लिहिलं. चार तास मशीनवर बसत जा असं लिहिलं. त्या दोन ओळी चुकून लिहिल्या गेल्या नाहीत दादा. आधी कच्च्या कागदावर लिहून मग पत्रात उतरवल्या.

प्रोग्रॅममधली चूक अडाणीपणाची होती, तिची मला तेवढी लाज नाही. चूक कळल्यापासून ऑडिशनपर्यंत अडीच महिने होते. सयाजीराव म्हणतात म्हणून तू नुसतं मशीन बंद करून त्यांच्या पेटीवर बसला असतास तरी हात जागेवर आला असता. त्यासाठी माझी एक ओळ पुरली असती. ती मी दिली नाही.

गुरुवारी तुझी चिठ्ठी आबांना वाचून दाखवावी लागली, ते समोरच बसले होते. ऐकून घेतल्यावर म्हणाले, "तू त्याला कळवलं हुतंस न्हवं?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मंजी त्याचा हात न्हाई गेला. तू घालवलास." त्या दिवसापासून ते माझ्या हातचा चहा घेत नाहीत. खाली शेजारच्या सदूकडे जाऊन बसतात, तिथेच घेतात. दिलीपला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साताऱ्याला जा आणि त्याच्यासमोर बस." मी जाणार होते, पण तुला माझं तोंड बघायचं आहे की नाही ते तू आधी ठरव. मी दारात येऊन रडले की तुला माफ करावं लागेल, आणि ते मला तुझ्याकडून तसं काढून घ्यायचं नाही.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. पाठीत घातलेला तो हात, पेटीवरच्या बरण्या, घड्याळजी, सगळं जिथल्या तिथे आहे. तू त्या वागण्याबद्दल लिहिलंस म्हणून ते पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्या रागापायी मी जे केलं ते तू केलेल्याहून वाईट आहे. तू मला गप्प बसवलंस. मी तुला स्वतःच्या हातावर संशय घ्यायला लावला.

आता कामाचं. जोड विकू नकोस. गिऱ्हाईक ठरलं असेल तर परत फिरव, माझं नाव सांग, शिव्या घालायच्या तर त्याला मला घालू दे. मशीन आजच माळ्यावर टाक. दुरुस्त फ्लॉपी मी पाठवत नाही, कारण तुला आता कुठल्याच मशीनवर बसायचं नाही. सयाजीरावांना रोज एक तास मागून घे आणि अगदी विलंबित लयीत नुसता ठेका धर, तुकडे नकोत. पहिले काही दिवस तुला वाटेल की ते घाई करताहेत. ते घाई करत नसतील. पंधराव्या मात्रेनंतर तुझा हात आपसूक थांबायला बघेल, तिथे थांबायचं नाही. दोन-तीन महिन्यांत सरळ होईल. हे आबा म्हणाले, मी नाही. मुदत संपली की ऑडिशनचा अर्ज पुन्हा भरता येतो, मी चौकशी केली आहे.

नवी कव्हरं तू आता फाडून टाकशील, म्हणून आधीच सांगते, फाडू नकोस. त्या कॅसेटमध्ये सोळावी मात्रा आहे तशी लांबलेली आहे. ज्याचा कान तयार आहे त्याला ती ऐकू येईल आणि हे कुणाचं काम म्हणून तो कव्हर उलटून बघेल. तिथे माझं नाव असू दे.

राहिली ती चौदा मुलं. तू सोमवारी क्लास उघड, त्यांना समोर बसव आणि त्यांना सांग की सर चुकीचं शिकवत नव्हते. मशीन चुकीचं वाजत होतं. ते उज्वलानं केलं होतं, तिला चूक नोव्हेंबरातच सापडली होती आणि भावावरच्या रागानं ती मुद्दाम गप्प बसली. तुझ्या तोंडून माझ्याबद्दल असं निघणार नाही, तू काहीतरी सांभाळून घेशील. म्हणून हा परिच्छेद त्यांना वाचूनच दाखव, आणि माझं नाव येईल तिथे ते मोठ्यानं वाच.

उज्वला